कॅसरोल ओव्हनमध्ये ठेवा

सौदीतल्या अल-खोबरमधल्या एका कंपनीत मी सेफ्टी इंजिनियर आहे. आग कशी लागते आणि ती लागू नये म्हणून काय करावं, हे मी लोकांना शिकवतो. (पगार घेऊन!)

त्या शुक्रवारी सासूबाई कोल्हापूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होत्या. माझी बायको वृंदा गाडी घेऊन त्यांना आणायला दमामच्या विमानतळावर गेली. परत येताना गाडीत सासूबाईंच्या बॅगा बसायच्या, तर मी घरी राहणं भागच होतं.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. "अहो, आई बाहेर आली. कॅसरोल भरून ठेवलंय, तेवढं ओव्हनमध्ये ठेवा. एकशे ऐंशीवर, अर्धा तास."

"झाकणासकट?"

"हो, झाकण असू द्या. आईला आल्या आल्या गरम मिळेल."

आमच्या घरात कॅसरोल म्हणजे चपात्यांचा डबा. जाड प्लॅस्टिकचा, झाकणावर भलामोठा गुलाब. लग्नात सासूबाईंनीच दिलेला. तो ओट्यावर समोरच होता. उघडून पाहिलं, आत चपात्या! माझ्या दृष्टीनं विषय संपला.

आमची कन्या इरा मोबाईलमधून मान वर करून म्हणाली, "बाबा, आर यू शुअर? दॅट्स प्लॅस्टिक."

"अगं, गरम ठेवणं हेच तर कॅसरोलचं काम! आयुष्य गेलंय त्याचं उष्णतेत."

आणि मी डबा ओव्हनमध्ये ढकलला. एकशे ऐंशीवर. झाकणासकट.

जरा वेळानं इरा ओरडली, "बाबा, समथिंग इज मेल्टिंग!"

"चीज असेल," मी म्हणालो. (चपात्यांत चीज कुठून येणार, हा प्रश्न मला पडला नाही.)

मग वास आला. ओव्हनच्या काचेतून डोकावलो, तर झाकणावरचा गुलाब सावकाश खाली उतरत होता! डबा जाळीतून तारा सोडत गळत होता आणि चपात्या उघड्यावर येऊन काळ्या पडत होत्या. मी ओव्हन बंद केला, दार उघडलं, आणि धुराचा लोट थेट छताकडे गेला. अलार्म बोंबलू लागला. मी स्टुलावर चढून त्याला टॉवेलनं वारा घालत होतो, तेवढ्यात आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, धावत वर आला.

"साब, घर में टायर जलाया क्या?"

त्याच्या मागोमाग लिफ्टमधून दोन बॅगा, वृंदा आणि सासूबाई बाहेर आल्या. सासूबाई सरळ ओव्हनपाशी गेल्या. जाळीला चिकटलेली एक गुलाबी पाकळी त्यांनी ओळखली.

"अगं बाई! माझा डबा हाय की ह्यो!"

"अहो, हे काय ठेवलंत?" वृंदा किंचाळली.

"कॅसरोल. तूच म्हणालीस!"

तिनं फ्रिज उघडून आतलं झाकणाचं काचेचं भांडं माझ्या नाकासमोर धरलं. आदल्या दिवशीच्या पार्टीतलं उरलेलं मटण, त्यात गाजर, मटार, फरसबी, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर आणि किसलेलं चीज.

"ह्याला कॅसरोल म्हणतात!"

"मग त्याला काय म्हणतात?" मी ओव्हनकडे बोट दाखवलं.

"आता काहीच म्हणता येत नाही."

ओव्हन तर कामातून गेला होता. पाहुणीला पहिलंच जेवण हॉटेलातलं द्यायचं, या विचारानं वृंदाचे डोळे भरून आले. सासूबाईंनी मात्र पदर खोचला. "सर बाजूला. कुकर कुठं हाय?" शिट्टी आणि रिंग काढून त्यांनी कुकरच्या तळाला मीठ पसरलं, काचेच्या भांड्यातलं सगळं थरासकट अलगद एका ॲल्युमिनियमच्या डब्यात उतरवलं आणि तो आत ठेवून मंद आचेवर झाकण लावलं. हळूहळू टायरच्या वासावर मटणाचा वास चढला. चीज वितळलं (या वेळी खरंच चीज!), कडेनं रस्सा बुडबुडला. मी बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, खुबूसच्या अरबी रोट्या आणल्या आणि आम्ही सगळ्या खिडक्या उघड्या टाकून जेवलो. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. "कालचं मटण आज जास्त मुरलंय की गं," असंही म्हणाल्या. डब्याविषयी एक अक्षर नाही. मी निर्धास्त झालो.

जेवणानंतर त्यांनी कोल्हापूरला बहिणीला फोन लावला. मी हॉलमध्ये कान देऊन बसलो होतो.

"होय गं, पोचले सुखरूप. जावई? लई चांगले. घरकामात अजिबात मागं न्हाईत... आता आम्हीच त्यांना ओव्हनपासनं मागं ठेवतोय!"