डिकीवरचा पोचा

आमच्या जुन्या गाडीच्या डिकीवरचा पोचा बायकोने नाही, मी पाडला. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तेव्हा ती नुकतीच गाडी चालवायला शिकली होती. जव्हारहून मोखाड्याच्या शाळेत शिकवायला स्वतः चालवत जायची. घाटातल्या वळणांवर ती माझ्यापेक्षा बरी चालवायची आणि ते मला पचत नव्हतं. एका रविवारी ती झोपेत असताना मी गाडी घेऊन दूध आणायला गेलो. पाच मिनिटांच्या वाटेला गाडी काढणारा माणूस किती शहाणा असणार? दूधवाल्याच्या दारात गाडी मागे घेताना चिंचेच्या झाडावर आदळलो. परत येऊन गाडी होती तिथेच लावली.

उठल्यावर पोचा पाहून तीच म्हणाली, "काल लावताना कुंपणाला लागली वाटतं माझ्याकडून."

मी मोठ्या मनाने म्हणालो, "होतं असं. जाऊ दे."

त्या दिवसापासून ती एसटीने जाते.

यंदा ती गाडी देऊन नवी घ्यायची ठरली. शेजाऱ्यांना विचारून, मोबाईलवर बघून मी जुनीच्या किमतीचा एक आकडा मनात धरला होता. शोरूमचा माणूस घरी आला. टायर चाचपून त्याने पोच्यावर हात फिरवला. "सर, याचे थोडे कमी होतील."

"तेवढे माझ्या पगारातून घ्या," बायको म्हणाली. "सरांनी गाडी फुलासारखी जपली होती."

सरांनी कमी आकडा मान्य केला.

आता नवी गाडी दारात आहे. बायकोला मी खरी हकिगत आणि या गाडीची किल्ली देणं लागतो. अजून दोन्ही दिलेल्या नाहीत.