साळसकरांच्या घड्याळावरचं नाव

साळसकरांना खरेदी विभागातून हलवलं, ते मी लिहिलेल्या एका कागदामुळे. त्या कागदाखाली माझं नाव नव्हतं. ‘एक हितचिंतक’ असं टाइप करून मी तो कॅन्टीनबाहेरच्या सूचनापेटीत टाकला होता. हे कबूल करायला मला चार वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. नाहीतर साळसकरांचं कौतुक करता करता मी ते पुन्हा कुठेतरी लपवीन.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या पंपांच्या कंपनीत दिगंबर साळसकर खरेदीप्रमुख होते आणि मी त्यांचा दुय्यम. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मालाच्या गेटपाशी उन्हात उभे होते. एका हातात बेअरिंग, दुसऱ्या हाताने डोळ्याला लावलेलं भिंग. बेअरिंगच्या कडेवर कोरलेलं कंपनीचं नाव ते पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते. मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, “वाचा.”

“बरोबर वाटतंय,” मी म्हणालो.

“वाटतंय काय करंदीकर? नाकडोळे बघू नका, नाव वाचा. अक्षरं पसरट आहेत. हा तोतया आहे.”

कोलशेतच्या गोदामातून आलेला तो अख्खा टेम्पो त्यांनी परत पाठवला. पुरवठादार गयावया करत होता, “साहेब, सगळीकडे चालतंय हो हे.” साळसकर म्हणाले, “चालतंय ना? त्याचीच भीती वाटते.”

ते काहीही वाचत. बिस्किटाचा पुडा, औषधाची पट्टी, डॉक्टरांच्या खोलीतल्या पंख्यावरची पट्टीसुद्धा. “ज्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही तो माल मी घेत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चलनावर सही करताना ते नेहमी लिहीत, ‘मिळाले. तपासणी बाकी.’ माल मिळाला म्हणजे पास झाला असं नाही, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

दुपारी आम्ही तिघे एकत्र जेवायचो. तिसरा कांबळी, स्टोअर सांभाळणारा. तो आणि साळसकर दोघेही मालवणकडचे. सगळ्यांसमोर प्रमाण मराठी, पण एकमेकांना चिमटे काढायचे ते मालवणीत. साळसकरांच्या मनगटावर एकदा नवीन घड्याळ दिसलं, दोन महिन्यांनी दुसरं. कांबळी म्हणाला, “टाइम एकच आसा, मगे घड्याळां दोन कित्याक रे?”

“तुज्याकडे शर्ट किती आसत, ता आधी सांग. आंग तर एकच आसा.”

मी हसलो आणि सहज विचारलं, “केवढ्याला पडलं?” साळसकरांनी बाही खाली ओढली. “घड्याळाला वेळ विचारावी, किंमत विचारू नये.”

त्या ओढलेल्या बाहीपासून माझ्या मनात सुरू झालं. पुढच्या रविवारी ठाण्यातल्या मॉलमध्ये बायको पडदे बघत होती आणि मी घड्याळांच्या एका दुकानाच्या काचेसमोर उभा होतो. आत साळसकरांचं घड्याळ होतं. तीच गडद निळी तबकडी, तेच पांढरे ठिपके, तीच कडेची फिरती चकती. किंमत विचारली. विक्रेत्याने सांगितलेला आकडा ऐकून मी ‘बघतो’ म्हणालो आणि बाहेर आलो. माझा वर्षाचा पगार तेवढा नव्हता. साळसकरांचा माझ्याहून थोडाच जास्त.

एकदा संशय घेतला की माणूस पुरावे शोधत नाही, ते चालत येतात. बेअरिंगवाल्या एका पुरवठादाराने त्यांच्या मनगटाकडे बघून हसत म्हटलं, “साहेब, नवीन दिसतंय.” मी ते हसणं लक्षात ठेवलं. कांबळी बोलता बोलता म्हणाला, “परदेशातून पार्सल आलंय त्याच्या नावाचं. तिसरं घड्याळ असणार.” मी तेही लक्षात ठेवलं. त्याच दुपारी साळसकरांनी ते पार्सल केबिनमध्ये नेलं, दार लावलं आणि आतला दिवा बंद केला. काचेआड पाच मिनिटं अंधार. भर दुपारी दिवा बंद करून माणूस काय करतो? विचारलं असतं तर त्यांनी अर्धा तास सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मी लिहिलं.

घड्याळांची किंमत लिहिली, पुरवठादाराचं हसणं लिहिलं, परदेशी पार्सल लिहिलं. कंपनीचं हित, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं होतं असं नाही, पण पुरतं खरंही नव्हतं. साळसकरांच्या खुर्चीला मागे उंच पाठ होती आणि माझ्या खुर्चीला नव्हती, हेही मला रोज दिसत होतं.

आठ दिवसांनी जनरल मॅनेजरांनी त्यांना बोलावलं. तिथे काय झालं ते साळसकरांनीच जेवताना सांगितलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, शेजारी भिंग ठेवलं आणि म्हणाले, “साहेब, नाव वाचा.”

तबकडीवर त्या महागड्या कंपनीचं नाव नव्हतंच. भलतंच, कुणी न ऐकलेलं नाव होतं. युरोपातल्या कुठल्याशा लहान गावात एक नवरा-बायको मिळून वर्षाला काहीशे घड्याळं बनवत होते. घाट जुन्या नामांकित घड्याळाचा, नाव मात्र स्वतःचं. आवडणारे लोक आधी मागणी नोंदवतात आणि महिनोन्‌महिने वाट बघतात. किंमत आमच्या दिवाळी बोनसच्या आतली. साळसकर म्हणाले, “थोरल्या भावाचा चेहरा धाकट्यात उतरतो. म्हणून धाकटा तोतया होत नाही. तोतया तो, जो नाव थोरल्याचं सांगतो.”

“आणि दिवा का बंद केलेला?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“काट्यांवरचं रेडियम बघायला. अंधारात हिरवं चमकतं, करंदीकर. लहान मुलासारखा बसलेलो पाच मिनिटं.” मग त्यांचा आवाज बदलला. “पण त्या कागदात पार्सलचं होतं. गेटवर आलेलं पार्सल किती जणांना माहीत असतं?”

ते कांबळीकडे बघत नव्हते, डब्याचं झाकण लावत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा दुसऱ्या टेबलावर नेला. कांबळीने मला विचारलं, “काय रे झालंय त्याला?” मी म्हणालो, “काय माहीत.” त्या निनावी कागदापेक्षाही हे दोन शब्द मला जास्त टोचतात.

साळसकर निर्दोष ठरले, तरी ‘विषय शांत होईपर्यंत’ त्यांना डिस्पॅचला पाठवलं. विषय कधी शांत झालाच नाही आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. चार्ज देताना त्यांनी भिंग माझ्यासमोर ठेवलं. “हे कंपनीचं आहे. वाचत जा.” त्यांचं मनगट रिकामं होतं. त्यानंतर कंपनीत त्यांनी घड्याळ कधी घातलं नाही. वेळ मोबाइलवर बघत. जो माणूस फक्त मालावर संशय घ्यायचा, तो आता माणसांवर घेऊ लागला. कुणी चहा आणून दिला तरी “आज काय विशेष?” असं विचारायचा. दोन वर्षांनी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात कांबळी मागच्या रांगेत उभा होता. साळसकर एकेकाशी हात मिळवत आले आणि कांबळीच्या आधीच्या माणसापाशी थांबले.

गेल्या महिन्यात कांबळी माझ्या डोंबिवलीच्या घरी आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. दोन पत्रिका ठेवून म्हणाला, “एक साळसकराची. तू देशील का नेऊन? माझ्या हातून घेणार नाही तो. मी काय केलंय, ते अजून कळलं नाही मला.”

मी पत्रिका घेतली, आणि ऑफिसच्या ड्रॉवरमधलं भिंगही.

आंबिवलीला साळसकर दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी पत्रिका वाचली, छापखान्याच्या नावापर्यंत. मग टीपॉयवर ठेवून म्हणाले, “त्याला सांगा, मिळाली.”

“साळसकर, तो कागद कांबळीने लिहिला नव्हता. मी लिहिला होता. पार्सलचं त्याने मला सहज सांगितलं होतं.”

आतून कुकरची शिट्टी झाली. वहिनींनी चहाचं विचारलं, साळसकरांनी हातानेच नको म्हणून सांगितलं. मग म्हणाले, “आमच्या दोघांच्या मध्ये बसून जेवलात, आणि चार वर्षं गप्प राहिलात.”

“हो. माफी मागायला आलोय.”

“तोंडी नको. ते लिहून दिलंत, तर हेही लिहून द्या. दोन प्रती. एक माझी, एक कांबळीची.” वही आणि पेन त्यांनीच आणून दिलं. मी पहिली ओळ लिहीत होतो तेव्हा खिडकीकडे बघत म्हणाले, “मी कांबळीशी जे वागलो, त्याची माफी माझी मी मागेन. ती तुमच्या कागदात बसवू नका.”

मी लिहिलं, ‘सूचनापेटीतला कागद माझा होता. त्यातला संशय खोटा होता आणि तो खोटा असल्याचं कळल्यावरही मी गप्प राहिलो. साळसकरांची खुर्ची घेतली, तुम्हा दोघांची मैत्री तुटताना बघितली. कांबळीचा यात काहीही दोष नाही. मी दोघांची माफी मागतो. विलास रघुनाथ करंदीकर.’

मी आणलेलं भिंग टीपॉयवर ठेवलं होतं, ते साळसकरांनी उचललं. मजकूर सोडून थेट खालची ओळ डोळ्यांसमोर धरली आणि माझं नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि दोन्ही प्रतींवर नावाशेजारी लिहिलं, ‘मिळाले. तपासणी बाकी.’