प्रेंगबाबांनी सोपवलेली पाहुणी

अख्ख्या अल्बेनियात माझ्या सासऱ्यांइतका हट्टी म्हातारा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांचा भाऊ असेल. मिरदिताच्या डोंगरातून समुद्राजवळच्या या सपाटीवर उतरलो त्याला किती वर्षं झाली, पण प्रेंगबाबांच्या डोक्यातून डोंगर काही उतरला नाही. दाराला कडी लावू देत नाहीत. कुणी वाटसरू आला आणि दार बंद दिसलं तर? मी म्हणायची, वाटसरू कसला, चोर येईल. ते म्हणायचे, आला तर आधी जेवलास का ते विचार. नवरा माझा इटलीत गवंडीकाम करतो, तो फोनवर नुसता हसतो. त्याचं काय जातंय हसायला!

आमच्या शेतापलीकडे भिंत आहे. आत परकी माणसं राहतात. त्यांनी आपल्या देशातल्या राजवटीविरुद्ध बंदुका उचलल्या, मग पळाले, दुसऱ्या एका देशात तळ ठोकला. तिथल्या लोकांचे त्यांनी हाल केले असं म्हणतात, आपल्याच माणसांचे त्याहून जास्त. शेवटी मोठ्या देशांच्या सांगण्यावरून आमच्या सरकारने त्यांना ठेवून घेतलं. आम्ही त्यांना नुसतं 'भिंतीतले' म्हणतो. भिंतीपर्यंत सरकारचं राज्य, आत त्यांच्या पुढाऱ्यांचं. गावात कुणी कुरकुर केली की बाबा त्याला गप्प करायचे. म्हणायचे, पाहुणे आहेत, पाहुण्याची झडती घेतात का?

मग एका सकाळी भिंतीतली एक बाई आमच्या खुराड्यामागे सापडली. मला वाटलं कोल्हा आला, काठी घेऊनच धावले. बघते तर साठीची बाई, कोपरं सोललेली, अंगाला गटाराचा वास. फरंगीस तिचं नाव. भिंतीतल्या बांधकामावर आमच्या गावचे मजूर जायचे, त्यांच्याकडून ती आमची भाषा मोडकीतोडकी शिकली होती. मी आधी चिडलेच. म्हटलं, आता हे लचांड आपल्या गळ्यात. पण बाबांनी तिच्यापुढे पाव आणि मीठ ठेवलं, आणि विषय संपला. तिने पहिला घास घेतला तशी ती त्यांच्या जिवाची जबाबदारी झाली.

तिला एकच गोष्ट हवी होती, तिचा मुलगा. पोरं जवळ असली की माणूस लढत नाही, असं ठरवून पुढाऱ्यांनी सगळ्यांची मुलं परदेशी पाठवून दिली होती. तिचा कावे तेव्हा चार वर्षांचा होता. त्यानंतर ना फोन, ना पत्र. मी माझ्या फोनवर त्याचं नाव शोधलं. हाम्बुर्गमध्ये सायकली दुरुस्त करतो, दाढी पांढरी व्हायला लागलेली. पहिल्यांदा दोघं बोलले तेव्हा रडणंच जास्त. मग तिने विचारलं, वांगं खातोस का आता? तो म्हणाला, रविवारी येतो, तूच खाऊ घाल.

रविवारपर्यंत तिला सांभाळायचं, एवढंच आमचं काम होतं. भोपळ्याएवढं घर, लपवणार कुठे! गाडीचा आवाज आला की ती टेबलाखाली. पाणी प्यायलाही परवानगी मागायची. मी एकदा खेकसले, "ताई, नळ काय माझ्या बापाचा आहे? प्या की!" तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मला तिचा लळा लागला, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी मिठाईचा डबा घेऊन भिंतीतले दोन सभ्य गृहस्थ आमच्या फाटकाशी आले. आमचे डोंगरी शब्द अगदी पाठ करून आलेले. "घरधनी, पाहुणे घेता का?" असं कुणी विचारल्यावर बाबा नाही म्हणणार? मी असते तर कुत्रं सोडलं असतं. बाबांनी त्यांना बसवलं, कॉफी दिली. ते सांगत होते, ती आमची बहीण, डोक्याने जरा अधू आहे, घरी न्यायला आलोय. बाबा म्हणाले, तिचं मन असेल तेव्हा ती येईल. आणि वर त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आले, कारण तेही पाहुणेच! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याचा साहेब आला, ल्येश. आमच्याच डोंगरातला, त्याचा आजा आणि बाबांचे वडील शपथेचे भाऊ. म्हणाला, बाईकडे स्वतःचा कागद नाही, तिला लपवणं गुन्हा आहे. एकदा ठाण्यात येऊन आपल्या मर्जीने बाहेर पडले म्हणून सांगू दे, मग ती सरकारच्या आसऱ्याला आली. बाबांनी विचारलं, शब्द देतोस? ल्येशने छातीवर हात ठेवला.

मी बाबांना आतल्या खोलीत नेलं, हात जोडले, म्हटलं रविवारपर्यंत थांबा. ते माझ्यावरच उखडले. डोंगरात पाहुण्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. पुढच्या घरापर्यंत सोबत जातात, त्या घरधन्याच्या हाती देतात, आणि तिथून तो त्या घराचा पाहुणा. बाबांच्या हिशेबी सरकार म्हणजे पुढचं घर, सगळ्यात मोठं.

फरंगीसने माझा हात धरला. "म्रिका, नको," म्हणाली. मी काय करणार होते? बाबा पुढे चालले, ती त्यांच्यामागून गेली.

बाबा एकटे परतले, समाधानाने जेवले. संध्याकाळी मजुरांकडून कळलं, ती पुन्हा भिंतीच्या आत होती. बाबांनी ल्येशला फोन लावला. तो म्हणाला, वरून हुकूम आला, भिंतीतल्यांशी सरकारने केलेल्या करारात त्यांची माणसं त्यांच्याच ताब्यात, आम्ही मध्ये पडत नाही. माझ्या हातात काय होतं, काका?

रविवारी कावे आला. आम्ही तिघं भिंतीच्या फाटकाशी गेलो. आम्हाला उन्हात बराच वेळ उभं केल्यावर तिला आणलं, दोन बायांनी दोन्ही दंड धरलेले. फाटकावरच्या आमच्या पोलिसांना कळावं म्हणून तिला आमच्या भाषेत बोलायला लावलं असणार.

"मी माझ्या मर्जीने इथे आहे," ती म्हणाली. "मला मुलगा नाही."

कावे गज धरून आईला हाका मारत राहिला. ती त्याच्याकडे बघेना, बाबांकडे बघत होती. मग फाटक लागलं.

घरी येऊन मी कॉफी केली. दुसरं काय सुचणार! कावेपुढे कप ठेवला, बाबांना द्यायला गेले तर त्यांनी हात पुढे केला नाही. डावा गुडघा वर घेतला आणि म्हणाले, खालून दे. ज्याचा पाहुणा त्याच्या हातून गेला, त्याला डोंगरात कप गुडघ्याखालून देतात, चारचौघांत, तो कलंक धुऊन काढेपर्यंत. मी हे फक्त ऐकलं होतं.

मी भांडले. "हा कप ल्येशला पाजा, सरकारला पाजा. तुमचा काय दोष?"

"सरकारला गुडघा असतो का, पोरी? बाई माझ्या दारात आली होती."

कावे आमच्या तोंडाकडे बघत होता. मी वाकले, कप गुडघ्याखालून सरकवला. थोडी कॉफी त्यांच्या विजारीवर सांडली. उरलेली ते प्यायले.

फरंगीस अजून आत आहे. बाबांना आता पाय उचलता येत नाही, गुडघा दोन्ही हातांनी उचलून धरावा लागतो. कप मी रोज तसाच देते.