भिवाचा ओळंबा

वाटूरच्या भिवाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. चार लोकांत कुणीतरी त्याला मिस्त्री म्हणावं. मागणं एवढंसंच, पण त्याच्या वस्तीतल्या कुणाच्याही हातात तोवर थापी आलेली नव्हती. माल कालवायचा, घमेली वाहायची आणि भिंत उभी राहिली की तिच्या सावलीतूनही उठायचं, एवढाच त्यांचा बांधकामाशी संबंध.

बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर त्याला एक म्हातारा उस्ताद भेटला. हाताला गुण असलेला आणि जात न विचारणारा. त्यानं भिवाला बांधकाम शिकवलं आणि जाताना आपला ओळंबा देऊन टाकला. साधंच हत्यार. लाकडी ठोकळा भिंतीला वर टेकवायचा, त्यात ओवलेल्या दोरीनं पितळी वजन खाली सोडायचं. ठोकळा आणि वजन एकाच मापाचं, त्यामुळं वजन भिंतीला नुसतं घसटून राहिलं की भिंत सरळ. ओळंबा असताना डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे उस्तादानं त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. तेच त्याला पुढं भोवलं.

चौऱ्याहत्तर साली जवळच्या एका खेड्यात शाळेच्या पाच खोल्या निघाल्या. गवंडी कमी पडले म्हणून ठेकेदारानं भिवाला थापी दिली. मुख्य मिस्त्री होता रामराव. घरी बागायत, गावात मान आणि तोंड असं की गटार बरी. ठेकेदारासमोर तो गप्प राहिला. त्याची जीप दिसेनाशी झाली तसा म्हणाला, "धर बाबा थापी. पण आमच्या ओळंब्याला हात लावायचा न्हाई, दोरीला न्हाई, अन् माठाला तर बिलकुल न्हाई."

नेमका पहिल्याच दिवशी भिवा ओळंबा घरी विसरला. दुसऱ्याचा मागायची सोय नव्हती. त्यानं मागच्या खोलीचा कोपरा नुसत्या नजरेनं चढवला. संध्याकाळी रामरावानं आपला ओळंबा लावून पाहिला आणि तोंड वाकडं करून निघून गेला. नशिबानं वाचलो, असं भिवाला वाटलं.

कामावर त्याला जवळचा असा एकच माणूस होता, कडूबा. तो अजून बिगारीच होता, पण रामरावाच्या भावकीतला. भिवाच्या तळहातावरची तंबाखू उचलून खाणारा तेवढा एकटा. हत्यारं ठेवायच्या खोलीत भिवाला पाऊल टाकायची मुभा नव्हती, म्हणून तो आपली हत्यारांची पिशवी रोज संध्याकाळी कडूबाच्या हवाली करायचा.

आणि मग भिवाच्या भिंती कलायला लागल्या.

तो दर थराला ओळंबा लावायचा. डोळा म्हणायचा भिंत सरळ आहे, ओळंबा म्हणायचा नाही. भिवा ओळंब्याचं ऐकायचा. संध्याकाळी रामराव आपला ओळंबा लावायचा, तर भिंत वरच्या अंगाला बाहेर झुकलेली. "या, या! वाकड्या मिस्त्रीचा खेळ बघा!" असं ओरडून तो सगळ्यांना गोळा करायचा आणि ओल्या भिंतीवर लाथ घालायचा. भिवाची बायको गिरिजा तिथंच घमेली वाहत होती. पडलेल्या विटा खरवडून साफ करायला तो तिलाच बसवायचा. "नवऱ्यानं घाण केली तर बायकोनं न्हाई काढायची तर मंग कुणी?" लोक पोट धरून हसायचे. हसणाऱ्यांत बायाही होत्या, हे सांगायला जड जातं.

बारा दिवसांत नऊ भिंती पडल्या. गिरिजा त्याच्या डोळ्यांत मध घालायची. कडूबा तंबाखू मळत समजूत घालायचा, "जातेत डोळे एखाद्याचे. कशाला तरास करून घेतो?"

तेराव्या दिवशी रामरावानं सगळ्यांना पुन्हा उभं केलं. "थापी कडूबाला दे. अन् म्हण, मला जमत न्हाई." भिवानं थापी दिली. जमत न्हाई म्हणाला. रामरावाला ऐकू आलं नाही, म्हणून त्याला ते तीनदा म्हणावं लागलं.

पुढची पाच वर्षं भिवानं कडूबा मिस्त्रीच्या हाताखाली माल वाहिला आणि वर त्याचे उपकार मानले, की कामावर तरी ठेवतो.

एकोणऐंशी साली बद्रीनाथ सुतार भिवाचं दार दुरुस्त करायला आला. गिरिजा बाजाराला गेली होती. खुंटीवरचा ओळंबा बद्रीनाथनं हातात घेतला. "भिवा, ह्या ठोकळ्याला रंधा मीच मारल्ता की! शाळंच्या टायमाला कडूबा घिऊन आल्ता. म्हन्ला, भिवानं दोन सूत कमी करायला सांगितलंय."

भिवानं ठोकळा वजनाला लावून पाहिला, तर तो पाव इंच बारीक, म्हणजे भिंत बाहेर झुकवल्याशिवाय वजन नीट घसटणारच नव्हतं. मग त्यानं वजनाच्याच मापाचा नवा ठोकळा करून मागितला आणि तडक शाळा गाठली. मागच्या खोलीचा तो कोपरा तसाच उभा होता. आपला एकही डोळा धड नसावा, हा कोपरा वाकडा निघावा, असं त्याला मनापासून वाटलं. तेवढ्यानं पाच वर्षं गिळता आली असती. त्यानं ओळंबा सोडला. वजन विटांना नुसतं घसटून राहिलं. भिवा तिथंच भिंतीशी बसून लहान पोरासारखा रडला.

घरी तो काही बोलला नाही. जे व्हायचं ते चार लोकांतच, असं त्यानं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कडूबा एका गोडाऊनची भिंत चढवत होता. सगळे हजर असताना भिवानं परांचीवर चढून तिला ओळंबा लावला. वजन बोटभर दूर लोंबलं.

"कडूबा, भिंत वाकडी हाय. पाड."

कडूबानं थापी थांबवलीसुद्धा नाही. "कोण बोलून राह्यलंय बघा! आरं वाकड्या मिस्त्री, तुझा ओळंबा खोटा हाय. सगळ्या गावाला ठावं हाय."

"खोटा तू केल्ता. बद्रीनाथला इचार!"

पण परांचीवर हशा असा उसळला की ते कुणाच्या कानावर गेलंच नाही. "जल्दी माल आण, सुकून राह्यलाय," कडूबा म्हणाला.

भिवा खाली उतरला. गिरिजा घमेलं घेऊन उभी होती. निदान ही तरी बद्रीनाथचं काय ते विचारेल, असं त्याला वाटलं. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "लोकांत कशाला हसं करून घेता? डोळ्याला दिसत न्हाई तर ऱ्हाऊ द्या ना."

भिवानं दोरी गुंडाळून ओळंबा खिशात घातला आणि तिच्या हातातलं घमेलं आपल्या डोक्यावर घेतलं.