स्पिरिटचा बोळा

तळेगावच्या आठवडी बाजारात कापडाच्या दुकानाशेजारच्या खोलीत बसणाऱ्या त्या डॉक्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. नुसत्या गोळ्या दिल्या की लोक रुसत, म्हणून तो प्रत्येकाला सुई टोची. सकाळी उकळलेली काचेची एकच सिरिंज, एकच सुई. दर माणसानंतर तो ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा, चष्म्याची काच पुसावी तशी, निगुतीनं.

एकदा मी वर्ध्याला रक्त द्यायला गेलो, तर त्यांनी घेतलंच नाही. म्हणे, रक्तात 'बी' काविळीचे जंतू आहेत. मी तर चांगला धडधाकट! हादरून बाजारातल्या त्याच डॉक्टरकडे आलो. त्यानं माझे डोळे पाहिले, उजव्या बरगडीखाली दाबून पाहिलं.

"याले औषध नाई, मास्तर. दारूले शिवू नका, मले दाखवत राहा, घरच्यायचं रक्त तपासून घ्या." मग थबकून म्हणाला, "सुई कोनाकडून घेता?"

"तुमच्याकडूनच की!"

त्याच्या हातातला बोळा खाली पडला. दाराबाहेरच्या रांगेकडे बघत तो पुटपुटला, "म्हंजे मीच वाटून राह्यलो हा रोग."

पुढच्या बाजारी त्यानं सुई बंद केली. एकेकाचे डोळे बघायला लागला, कारणही मोठ्यानं सांगितलं: एकाचं रक्त सुईतून दुसऱ्यात जातं, नुसत्या बोळ्यानं त्यातले जंतू मरत नाहीत. लोक हसले.

"याले आता सुई देता येत नाई वाटते," म्हणत अख्खी रांग समोरच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. तोही सुई बोळ्यानंच पुसत होता.