हाताला हात

सौंदडजवळच्या एका शाळेत मी इंग्रजीचा मास्तर होतो, नागपूरहून नवाच आलेला आणि स्वतःवर बेहद्द खूश. 'डिपेंड ऑन' म्हणजे अवलंबून असणे, एवढं सांगायला मी अर्धा तास घेतला. देश स्वतंत्र झाला, आता कोणी कोणावर अवलंबून राहू नये, वगैरे. त्या वेळी माझं पाणी शेजारीण भरत होती आणि भात शाळेचा चपराशी शिजवत होता.

डिप्टीसाहेब तपासणीला आले ते नेमके भाताच्या रोवणीच्या दिवसांत. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. वर्गात धड इंग्रजी बोलणारी एकच मुलगी, आणि त्या सकाळी तीच गैरहजर. मी तडक तिच्या बापाच्या बांधीवर, म्हणजे भातखाचरावर गेलो. ती गुडघाभर चिखलात धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, रोवत होती.

बाप म्हणाला, "आज आमची पाळी हाय, गुरुजी. सारा गाव हात द्याले आला. घरच्याच पोरीले कशी सोडू?"

"दोन तासांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

"मंग तिचं जेवढं राहीन, तेवढं उद्या तुमी रोवा. हाताले हात, असाच रिवाज हाय आमचा."

मी लगेच कबूल झालो. घाबरलेला माणूस काहीही कबूल करतो.

साहेबांनी 'डिपेंड ऑन'चंच वाक्य विचारलं. 'वुई डिपेंड ऑन अवर टीचर' हे मी सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं. ती उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली, "अवर टीचर डिपेंड्स ऑन मी."

साहेबांनी तिचे चिखलाचे पाय पाहिले, मग माझं चिखलाचं धोतर.

"वाक्य बिनचूक आहे. खरंही आहे का, मास्तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हो, साहेब," मी म्हणालो. ते हसले आणि शेरा चांगला लिहून गेले.

बाप विसरला असेल, अशी मला आशा होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो दारात उभा. मी बांधीत उतरलो. माझी ओळ नागमोडी जात होती, बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मागून ती मुलगी माझा एकेक पऱ्हा उपटून सरळ रोवत होती. मी कंबर धरून उभा राहिलो.

"काऊन गुरुजी, नोकरी टिकली ना?" बाप बांधावरून म्हणाला. "मंग वाका."