दाराकडे पाठ करून

संसदेत रोज काय चालतं असं मला कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगते. बहुतेक दिवस काहीच चालत नाही. पेपरात येतात ती भांडणं, ती कागदांची फेकाफेक अधूनमधून कधीतरी. एरवी एक मंत्री उठतो, अहवाल पटलावर ठेवतो, बसतो. दुसरा उठतो, ठेवतो, बसतो. बोटींच्या परवान्याची मुदत कुठल्या महिन्यात संपावी यावर तासभर बोलणं होतं आणि मागच्या बाकावर एखादा गाढ झोपतो. मी सातवीत शाळा सोडलेली बाई, भाजीबाजारातल्या विक्रेत्या बायकांची संघटना चालवते. हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अजूनही जाते. पण त्याच इमारतीत एक माणूस होता, ज्याच्यामुळे तिथे जायला मला बरं वाटायचं. त्याच्याविषयी लिहायचंय.

सभागृहाच्या मुख्य दारावरचे दारवान. सगळी इमारत त्यांना ‘कॅमेरा’ म्हणायची. मी दादा म्हणते.

त्या दाराचा एक जुना रिवाज आहे. आत जाणाऱ्या सभासदाला ओळखपत्र मागायचं नाही आणि नाव विचारायचं नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला ‘आपण कोण?’ म्हणणं हा तिथे अपमान समजतात. म्हणजे दारवानाला सगळे चेहरे पाठ हवेत. बरं, नावानेही हाक मारायची नाही. जिथून निवडून आला त्या भागावरून मारायची. दादांच्या तोंडी त्याची सुटसुटीत रूपं झाली होती. बंदरवाले साहेब. खाणवाल्या मॅडम. पुलापलीकडचे साहेब. निवडणूक झाली की नव्या सभासदांच्या फोटोंचं पुस्तक मिळायचं. मग वहिनी, म्हणजे दादांची बायको, स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता परीक्षा घ्यायच्या. फोटोखालच्या नावावर पिठाचा अंगठा, आणि “हा कोण?”

“गिरणीवाले.”

“मिशी काढली तर?”

“काढू दे. कान कुठे लपवेल?”

माझी आणि दादांची ओळख भांडणातून झाली. फार पूर्वी मी एका घोळक्यात मिसळून त्या दारातून आत घुसायला गेले होते. दादांनी नुसता हात आडवा केला. मी चढ्या आवाजात म्हटलं, “मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?”

“तुम्ही कोण नाही ते माहीत आहे, ताई,” दादा म्हणाले. “चहा घेणार?”

एवढ्या सभ्यपणे मला आजवर कुणी हाकललेलं नाही. त्यानंतर कितीदा तरी हाकललं, आणि दरवेळी चहा पाजला.

गेल्या वर्षी दादांचे डोळे जायला लागले. मला हे वहिनींनी सांगितलं. त्या शिंप्याच्या दुकानात काजं करतात. सुईत दोरा ओवता ओवता, खाली मान घालून सांगितलं. “कडेचं सगळं दिसतं हो त्यांना. भिंत दिसते, जिना दिसतो. मधोमध धुकं आहे. कुणाच्या तोंडाकडे बघायला गेलं की तोंडच पुसलं जातं. डॉक्टर म्हणतात, थांबवता येईल, परत आणता येणार नाही.”

“मग दारावर कसे उभे राहतात?”

“चालीवरून ओळखतात. खोकण्यावरून. कुणी अत्तर लावतं, कुणी काठी टेकतं.” वहिनींनी दोरा दातांनी तोडला. “साहेबाला सांगा म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, दार सोडून मी काय करू? आणि ताई, परका माणूस चुकून आत गेला तर चौकशी लागेल. सगळ्यांसमोर गणवेश उतरवून घरी पाठवतील. एवढ्या वर्षांनी असं नको हो. तुम्ही त्यांना काही बोलू नका. तिथे असाल तेव्हा जरा लक्ष तेवढं ठेवा.”

मी लक्ष ठेवत होते. दादा आताशा माणसाकडे थेट न बघता जरासे बाजूला बघायचे, कारण कडेने दिसायचं. एकदोन सभासद कुरकुरले, कॅमेरा हल्ली शिष्ट झालाय म्हणून. मी मनात म्हटलं, तुमच्यापेक्षा बराच कमी.

तर तो दिवस. आमच्या बाजारात बायकांसाठी मुतारी नाही. पहाटे गाडीवर माल उतरवायचा आणि संध्याकाळपर्यंत पाणी न पिता बसायचं, अशी आमची तऱ्हा. त्याची याचिका त्या दिवशी खाणवाल्या मॅडम सभागृहात मांडणार होत्या. दिवसाच्या कामात अगदी शेवटी, एका वाक्यापुरती. मी याचिकेची फाइल मांडीवर घेऊन बाहेरच्या दालनात बाकावर बसले होते. सुनेने तिचा काळा कोट जबरदस्तीने माझ्या अंगात चढवला होता. म्हणाली, “मुतारी मागायलाच जाताय ना? मग कपडे तरी नीट घाला.”

दुपारी आत माणसं कमी पडली आणि कोरमची घंटा सुरू झाली. ही घंटा म्हणजे काय ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. भिंतीत, जिन्यात, दातांत वाजते. कॅन्टीनमधून सभासद तोंडातला घास चावत धावत सुटले. खाणवाल्या मॅडमनी जाता जाता माझा दंड धरला. “चला, चालता चालता सांगा. आणि हे बघा, मी ‘स्वच्छतागृह’ म्हणणार आहे.”

“म्हणा. पण बांधताना मुतारीच बांधा,” मी म्हटलं.

त्या हसल्या आणि पुढे सटकल्या. मी त्यांच्या मागोमाग. खिडकीतलं ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. दारात दादा ताठ उभे.

“या, खाणवाल्या मॅडम,” दादा म्हणाले, आणि दार तसंच उघडं धरून माझ्याकडे किंचित झुकले. “या, धरणवाल्या मॅडम.”

धरणवाल्या मॅडम म्हणजे खाणवाल्यांची मैत्रीण. दोघी कायम बरोबर असतात, आणि ती माझ्याच अंगकाठीची, कायम काळ्या कोटात.

माझा एक पाय आत गालिच्यावर पडला होता.

उभा जन्म ज्या दारावर धडका दिल्या ते माझ्यासमोर उघडं होतं, आणि वर ‘या’ म्हणून. मधोमध जाऊन नुसतं ओरडले असते, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आमची मुतारी असती. बाजारातल्या बायकांनी मला खांद्यावर घेतलं असतं. खोटं कशाला बोलू, ओरडायला मी तोंड उघडलंच होतं. समोर मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. बाकं अशी मांडलीत की दाराकडे सगळ्यांची पाठ. टक्कल, अंबाडे, कोणाची कॉलर दुमडलेली. कोणी वळून बघत नव्हतं. आणि डावीकडे, दाराबाहेरच्या खांबाशी मार्शल उभा, दारवानांचा साहेब, घड्याळात बघत.

मी पाय मागे घेतला.

“अहो दादा,” मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, “मॅडमची फाइल माझ्याकडेच राहिली. आत पोचवता का?”

माझा आवाज ऐकला आणि दादांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्यांनी दार लावलं. फाइल घेतली. “पोचवतो, ताई,” म्हणाले, अगदी नेहमीच्या सुरात. दुसरा हात मात्र पितळी मुठीवरून निघत नव्हता. मार्शल घड्याळातून मान वर करून पुन्हा घड्याळात गेला.

मधल्या सुट्टीत तळघरातल्या चहाच्या खोलीत मी त्यांना गाठलं. कप समोर ठेवून बसले होते, चहावर साय धरलेली.

“परत का फिरलात?” त्यांनी विचारलं. बघत होते माझ्या खांद्याच्या बाजूला. “दया केलीत?”

“दया? मी?” माझं डोकंच फिरलं. “दया करता आली असती तर मी कधीच पुढारी झाले असते.”

“मग?”

“मला हाकलणारा माणूस मीच घालवून बसले असते, तर भांडायला कोण राहिलं असतं?”

ते हसले नाहीत. म्हणाले, “घंटेच्या आवाजात पावलं ऐकू येत नाहीत, ताई. मी अंदाजाने बोललो. म्हणजे वर्षभर मी अंदाजानेच बोलतोय.”

“वहिनींनी सांगितलंय मला.”

“सांगितलं?” दादा म्हणाले. “बायको कधी गप्प बसली आहे का कुणाची?”

“बसली नाही म्हणून मी आज दारात थांबले. डोक्यात ठेवा.”

त्यांनी साय चमच्याने बाजूला केली, कप उचलला, तसाच खाली ठेवला. “कुणालाही कळलं नाही,” मी म्हटलं. “विषय संपला.”

“संपला कसा? तुमच्या जागी दुसरं कोण असतं तर? सुरा घेऊन आलेलं?” त्यांचा आवाज चढला, तो मी आयुष्यात पहिल्यांदा चढलेला ऐकला. “ती माणसं दाराकडे पाठ करून बसतात, ताई. भांडतात, झोपतात, खोटं बोलतात, काय वाट्टेल ते करतात. पण दाराकडे बघत नाहीत. का बघत नाहीत? मी आहे म्हणून.”

 

दादा उठले, गणवेशाची बटणं चाचपली आणि मार्शलच्या खोलीकडे निघाले. मी मागे. त्यांनी दार नीट लावलं नाही. लावलं असतं तरी मी कान लावला असता.

दादांनी तीन वाक्यांत सगळं सांगितलं.

“आणि हे मला आज सांगताय?” मार्शल म्हणाला. “माझ्या गळ्यात धोंड! चौकशी लावली तर तुमचा गणवेश जातो, नाही लावली तर माझा. अहो, मला फोटोंचं पुस्तक पाठ करायला तुम्ही शिकवलंत. कशाला तोंड उघडलंत?”

“पुढच्या वेळी बाई परत फिरणार नाही म्हणून.”

“आत नेमकं कोण गेलं?”

“एक पाय गेला, साहेब.”

“कुणाचा?”

मी दार ढकललं. “माझा.”

मार्शलने डोळे मिटून घेतले. “तुम्हीच. दुसरं कोण असणार!”

“पूर्ण गेले असते तर इथपर्यंत ऐकू आलं नसतं का?”

“आलं असतं,” मार्शल म्हणाला, आणि त्याने ते अगदी मनापासून मान्य केलं. मग टेबलावर बोटं वाजवत बसला. आता सरकारी माणसाचं मी कौतुक करत नाही, पण त्या दिवशी त्याने जे केलं ते सांगायलाच हवं. तो म्हणाला, “एका पायाला प्रवेश म्हणतात असं नियमात कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. वाचनात आलं तर बघू. उद्यापासून तुम्ही वर, प्रेक्षकांच्या सज्जात. तिथे चेहरे ओळखायचे नसतात, लोकांना गप्प बसवायचं असतं. आज दारावर मी स्वतः उभा राहतो.”

दादा खाली बघत उभे राहिले. लहान मुलाच्या हातातून काही काढून घेतल्यावर ते रडत नाही, नुसतं हाताकडे बघतं, तसे.

मार्शललाही ते बघवलं नाही. “कामकाज संपल्यावर दार उघडून सगळ्यांना निरोप द्यायचा असतो,” तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला. “तेवढं आज तुम्ही करा. बाहेर जाणाऱ्याला चुकीचं ओळखलं तरी देश बुडत नाही.”

संध्याकाळी आमची याचिका एका वाक्यात मांडून झाली. ती समितीकडे गेली. समितीकडून ती कशी ओढून काढायची ते मी बघून घेईन. अध्यक्ष उठले, आणि दादांनी दाराच्या दोन्ही झडपा उघडल्या.

संध्याकाळी घंटा नसते. माणसं सावकाश बाहेर पडतात, दमलेली, आपापल्या चालीने. दादांनी मान जराशी वळवली होती, एक कान दाराकडे. “या, पुलापलीकडचे साहेब.” बरोबर. “सांभाळून, खाणवाल्या मॅडम, पायरी आहे.” बरोबर. “या, धरणवाल्या मॅडम,” आणि इथे आवाज अडखळला, पण ती खरोखरच धरणवाली होती. मी खांबाआडून एकेक मोजल्यासारखी ऐकत होते.

शेवटाकडे गिरणीवाले आले. हा गडी भयंकर. बंदरवाल्यांशी त्याचं इतकं हाडवैर की दुपारीच बंदराच्या जकातीवरून दोघं एकमेकांच्या बापापर्यंत पोचले होते. आणि दादा वाकून म्हणाले, “या, बंदरवाले साहेब. उद्या भेटू.”

गिरणीवाले थांबले. मान वळवली. दादांच्या तोंडाकडे बघितलं, मग त्या बाजूला लागलेल्या नजरेकडे बघितलं. मागे मार्शल उभा होता. मी तर पुढे व्हायच्या तयारीत होते. गिरणीवाल्यांनी तोंड उघडलं असतं तर संसदेने माझं तोंड ऐकलं असतं.

“येतो हं,” गिरणीवाले म्हणाले. दादांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि जिना उतरून गेले.

सगळे गेल्यावर दादांनी झडपा ओढून घेतल्या. मी जवळ गेले. माझ्या पावलांनीच त्यांनी मला ओळखलं असावं, कारण मी बोलायच्या आधी ते म्हणाले, “ताई, खरं सांगा. एखादं चुकलं?”

खोटं ओठावर आलं होतं. पण दुपारी या माणसाने जे केलं त्यानंतर त्याच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

“एक.”

“कोण?”

“गिरणीवाल्यांना तुम्ही बंदरवाले म्हणालात.”

दादांनी कपाळाला हात लावला. “अरे देवा! आणि तो चिडला नाही?”

“नाही. येतो हं म्हणाला.”

दादा विचारात पडले. मग काळजीने म्हणाले, “त्याला बरं नसणार, ताई. उद्या वर सज्जात माझ्याकडे या आणि जरा बघून सांगा मला, कसा दिसतोय ते.”